सर्व सदस्यांना नोटीस बजावली

आम्ही चार-पाच रिटायर ग्रामसेवक अजूनही कधीमधी वर्ध्याच्या बसस्टँडसमोर चहाला जमतो. बायपास कोणाचा झाला, पोरगा कोणाचा पुण्याला गेला हे पाच मिनिटांत संपतं. मग कोणीतरी मीटिंगचा विषय काढतो, आणि दुसरा चहा सांगावा लागतो. या नोकरीत दुसरं काही साठलं नाही, पण किस्से साठले. दर महिन्याला एक मासिक सभा, वर्षातून दोन ग्रामसभा, प्रत्येकीची नोटीस, आणि प्रत्येक नोटिशीचा काही ना काही घोळ. तीस वर्षं धरा. एका माणसाला पुरून उरतात.

लोक हसतात ऐकून. मीही हसतच सांगतो. सांगून झाल्यावर मात्र घरी जाताना बरं वाटत नाही.

मी सांगतो ते सगळं एकाच गावचं आहे. कारंज्याकडचं गाव. नाव सांगत नाही, त्यातली काही माणसं अजून आहेत. सत्तरच्या दशकात मी तिथं रुजू झालो आणि पुढची अकरा वर्षं तिथंच काढली. गावात ग्रामसेवकाला सगळे सेक्रेटरी म्हणत.

*

चार्ज घ्यायला गेलो त्या दिवसाची गोष्ट. जुने सेक्रेटरी बदलीवर चालले होते. त्यांनी मला दप्तर दाखवलं, शिक्के दाखवले आणि नियम सांगितला. मासिक सभा असली की तीन दिवस आधी प्रत्येक मेंबरच्या हातात नोटीस द्यायची आणि सही घ्यायची. ग्रामसभा असली की सात दिवस आधी गावात मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायची आणि नोटीस बोर्डावर लावायची.

"बोर्ड कुठं आहे?" मी विचारलं.

त्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीचं कुलूप उघडलं. आत भिंतीवर बोर्ड होता. चांगला सागवानी, जाळी लावलेला. त्यावर मागच्या ग्रामसभेची नोटीस होती.

"पण खोली तर बंद असते," मी म्हणालो.

"हाव. मीटिंगच्या दिवशी उघडतो."

"मग लोक वाचतील कसे?"

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "नवे आहा तुमी. नोटीस लावाची असते जी. वाचाची नसते."

मी तरुण होतो. पहिल्याच महिन्यात तो बोर्ड काढून बाहेर व्हरांड्यात लावला. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी तपासणीला आले आणि त्यांनी शेरा मारला की शासकीय मालमत्ता उघड्यावर असुरक्षित ठेवली आहे. बोर्ड परत आत गेला.

*

मुनादीचं काम लहानूकडे. लहानू गावचा कोतवाल, पन्नाशी ओलांडलेला, काडीसारखा बारीक, आवाज मात्र खणखणीत. गळ्यात डफडं अडकवायचा, चार जागी उभा राहायचा, डफडं वाजवायचा आणि सांगायचा.

एका पावसाळ्यात ते डफडं फाटलं. मी नवीन मिळावं म्हणून वर लिहिलं. उत्तर आलं की जुनं डफडं दुरुस्तीलायक नाही असा दाखला जोडा. दाखला जोडला. मग उत्तरच आलं नाही. ग्रामसभा तोंडावर आली तेव्हा लहानूनं घरचा रिकामा पिपा घेतला आणि तोच वाजवत निघाला.

त्या वर्षात रॉकेलची फार ओढाताण होती. रेशनच्या दुकानात रॉकेल आलं की दुकानदार पिपा वाजवून कळवायचा. लहानूनं पहिल्या चौकात पिपा वाजवला आणि बायका घरातून धावतच निघाल्या. तो काय ओरडतो आहे ते कोणी ऐकलंच नाही. पाहता पाहता ग्रामपंचायतीसमोर दीडशे माणसं उभी. प्रत्येकाच्या हातात बाटली नाहीतर डबा.

सरपंच होते बापूरावजी. मोठे शेतकरी, गावात शब्द चालणारा माणूस. ते बाहेर आले, गर्दी पाहिली आणि मला म्हणाले, "सेक्रेटरी, रजिस्टर आना. अंगठे घेऊन टाका. पुढच्या आठवड्याची सभा आजच झाली म्हना."

मी अंगठे घेतले. लोकांना वाटलं रॉकेलसाठी घेताहेत, म्हणून त्यांनी ढकलाढकली करून दिले. सगळ्यांचे झाल्यावर एक म्हातारी रिकामी बाटली घेऊन टेबलाजवळच उभी राहिली.

"बाई, रॉकेल नाई आलं," मी म्हणालो. "ही ग्रामसभा आहे."

ती म्हणाली, "मंग पिपा काऊन वाजवला?"

माझ्या अकरा वर्षांतली ती सगळ्यात भरलेली ग्रामसभा.

*

पुढं डफडं आलं. पण तोवर बापूरावजींना दुसरी युक्ती सापडली होती. कोरम भरला नाही तर ग्रामसभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला कोरम लागत नाही. चार माणसांतही ठराव होतो. मग चारच माणसं आलेली बरी.

त्या साली गावाला एक सरकारी विहीर मंजूर झाली होती. ती कुठं खोदायची हे ग्रामसभेत ठरायचं होतं. बापूरावजींनी लहानूला सांगितलं, मुनादी भर दुपारी दे. दिवस कापूस वेचणीचे. दुपारी गावात कुत्री आणि तान्ही लेकरं सोडून कोणी नसायचं. पण लहानूनं मुनादी दिली. चारही जागी दिली. नियमात वेळ लिहिलेली नव्हती.

तो परत आला तेव्हा मी विचारलं, "लहानू, कोणी ऐकलं का?"

"ऐकलं जी. गोविंदाबुवानं ऐकलं."

"त्याले तर ऐकू येत नाई."

"नाई येत. पन त्यानं मले हात केला."

मी वहीत लिहिलं, दवंडीद्वारे ग्रामस्थांना अवगत केले. सभा तहकूब झाली. नंतरच्या सभेला आम्ही पाच जण होतो, त्यात मी आणि लहानू. विहीर बापूरावजींच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधालाच, खोदायची असं एकमतानं ठरलं. एकमत खरंच होतं. विरोध करणारं कोणी तिथं नव्हतं.

*

विरोधावरून आठवलं. एकदा वरून पत्र आलं की बारा तारखेला सगळ्या गावांनी एका योजनेसाठी खास ग्रामसभा घ्यावी, सात दिवस आधी नोटीस द्यावी आणि पंधरा तारखेपर्यंत सभेचा वृत्तांत पाठवावा. पत्र मला चौदा तारखेला मिळालं.

मी सायकल काढली आणि शेजारच्या गावच्या ग्रामसेवकाकडे गेलो. तो सतरंजीवर बसून सभा लिहीतच होता. म्हणाला, "माझी होत आली. तू पण जाऊन लिही."

मीही लिहिली. सगळेच हो म्हणाले असं लिहिलं तर खोटं वाटेल, म्हणून एकाचा विरोध टाकला. नाव कोणाचं घालावं? किसना म्हणून एक गरीब माणूस होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचं घातलं. 'श्री. किसना यांनी जागेबाबत हरकत घेतली, परंतु चर्चेअंती ती फेटाळण्यात आली.' मला वाटलं, चांगलं वठलं.

महिन्याभरानं बापूरावजींनी ती वही चाळली. त्यांनी किसनाला बोलावणं धाडलं. मी खोलीतच होतो.

"काऊन रे किसना, तुनं माह्या विरोधात हरकत घेतली?"

किसना त्या आठवड्यात गावातच नव्हता. तो पुलगावला मिलमध्ये बदली कामावर गेला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. आता तो तसं सांगणार आणि माझं पितळ उघडं पडणार म्हणून मी मान खाली घातली.

किसनानं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले.

"लिवलं हाय तर केलं असन जी. चुकलं माहं. पुन्हा नाई करत."

 ते आजही मला टोचतं. त्या दिवशी एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते मला बोलता आलं नाही.

*

त्या काळी ग्रामपंचायतीत दोन जागा बायकांसाठी असायच्या. आमच्याकडे एका जागेवर शांताबाई होत्या. त्यांच्या नावाची नोटीस लहानू त्यांचे मालक देवराव यांच्याकडे द्यायचा, देवराव सही करायचे, मीटिंगला देवरावच यायचे, आणि मी शांताबाई हजर असं लिहायचो. कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

एक नवीन विस्तार अधिकारी आले. कडक माणूस. त्यांनी सही पाहिली, म्हणाले, "ही सही बाईंची वाटत नाही. बाईंना बोलवा."

शांताबाई शेणाचे हात धुऊन, पदर नीट घेऊन आल्या. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही मेंबर आहात ना?"

"कायच्या?"

"ग्रामपंचायतीच्या."

त्यांनी देवरावांकडे पाहिलं. देवराव खिडकीतून बाहेर बघत होते.

"मले तं कोनी सांगतलं नाई," त्या म्हणाल्या.

साहेबांनी शेरा लिहिला आणि जीप घेऊन निघून गेले. शांताबाई मात्र गेल्या नाहीत. देवराव पुढं झाले तरी त्या थांबल्या. त्यांनी मला विचारलं, "किती दिवस झाले मले मेंबर होऊन?"

"चार वर्षं."

त्या दाराला टेकल्या. मग म्हणाल्या, "चार वर्षात मी का का ठरवलं, ते तरी सांगा."

मी वही काढली. पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं.  त्यांनीच शेवटी म्हटलं, "राहू द्या. गाई यायची वेळ झाली."

*

गावापासून दोन कोसांवर, नाल्यापलीकडे, गोंडांचा टोला होता. तीसेक घरं. तिथून सुरतू उईके मेंबर निवडून आले होते. साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. जंगलखात्याच्या कामावर जायचे.

लहानूला त्या उन्हातान्हात टोल्यापर्यंत जाणं जिवावर यायचं. तो कारंज्याच्या बाजाराला आलेल्या टोल्याच्या कोणा माणसाजवळ नोटीस द्यायचा. बाजार आणि मीटिंग यांचा मेळ बसेलच असं नव्हतं. कागद उशिरा पोचायचा. उईके कागद मिळाल्याबरोबर धुतलेला सदरा घालून निघायचे आणि मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभे राहायचे.

"मीटिंग?"

"काल झाली उईकेजी."

"बरं." ते खाली बसायचे. खुर्ची दिली तरी खाली. "माहं एकच काम होतं. नाल्यावर रपटा पाह्यजे, लहान पूल मना. पावसाळ्यात मानूस इकडे येऊ शकत नाई. लिवा."

"मीटिंगमध्ये आलेलंच लिहिता येतं. पुढच्या वेळी या, घेऊ."

"हाव. पुढच्या येतो."

हे किती महिने चाललं ते मी मोजलं नाही. लहानूला दोनदा बोललो की बाबा, जाऊन देत जा. तो म्हणाला, "जातो जी," आणि गेला नाही. मी तरी कुठं गेलो? माझ्याजवळ सायकल होती.

श्रावणात उईकेंना ताप भरला. नाला दोन दिवस दुथडी भरून वाहत होता. टोल्याची माणसं त्यांना बाजेवर घालून काठापर्यंत घेऊन आली आणि पाणी उतरायची वाट पाहत बसली. कारंज्याच्या दवाखान्यात नेता आलं नाही. तिथंच, काठावर, ते गेले.

*

मी मेंबर मयत झाल्याचा रिपोर्ट वर पाठवला. पुढच्या मीटिंगसाठी नोटिसा लिहायला घेतल्या, उईकेंचं नाव सोडलं. नेमके तेच कडक विस्तार अधिकारी आले. त्यांनी पोचपावत्या मोजल्या, एक कमी निघाली.

"साहेब, ते वारले."

"जागा रिकामी झाल्याचा आदेश आला का?"

"नाही आला."

"मग ते सदस्य आहेत. नोटीस बजावा. आणि बाजारात वाटू नका, घरी जाऊन सही घ्या. मी टोल्यावर जाऊन तपासणार आहे."

साहेब खरंच तपासतील या भीतीनं लहानू पहिल्यांदा नाला ओलांडून टोल्यावर गेला. त्या मीटिंगचा पहिला विषय उईकेंना श्रद्धांजली वाहण्याचा होता. ती नोटीस उईकेंच्याच नावानं त्यांच्या घरी पोचली. वेळेवर, तीन दिवस आधी.

त्यांची बायको फुलाबाई. तिला वाचता येत नव्हतं. तिनं लहानूला विचारलं, "का लिवलं हाय?"

"मीटिंगले बलावलं."

"त्याइले?"

"हाव. नाव त्याइचंच हाय."

तिनं अंगठा दिला. त्यानंतर दर महिन्याला लहानू जात राहिला आणि ती अंगठा देत राहिली. आदेश काही येत नव्हता. सहा-सात महिने गेले असतील. एका मासिक सभेला आम्ही नुकते बसलो होतो, तर फुलाबाई दारात आली. कमरेच्या ओच्यातून तिनं कागद काढले आणि टेबलावर ठेवले. सगळ्या नोटिसा होत्या, एकावर एक, नीट घडी केलेल्या.

"लय खेपा बलावलं," ती म्हणाली. "ते येऊ नाई शकत, म्हनून मी आली. का काम होतं त्याइच्यापाशी?"

 बापूरावजी मला म्हणाले, "सेक्रेटरी, समजावून सांगा."

मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. सांगितलं की बाई, हा नियम आहे, वरून आदेश येईपर्यंत नाव रजिस्टरात राहतं, म्हणून कागद जातो. राग मानू नका. मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. मी दोन्हीला तयार होतो.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हनजे तुमच्या वहीत ते आहेत?"

"आहेत."

"बाकीच्या मेंबराइसारखे?"

"हो."

"टोल्यावर कोनी त्याइचं नाव घेत नाई आता. गेलेल्या मानसाचं घेऊ नये मनते." तिनं कागद उचलले, पुन्हा ओच्यात खोचले. "मंग पाठवत राहजा."

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत आदेश आला. मी सदस्यांच्या यादीतून लाल शाईनं नाव कमी केलं, त्यापुढं आदेशाचा क्रमांक लिहिला. पुढच्या मीटिंगला एक नोटीस कमी लिहिली. लहानूची खेप वाचली, तो खूश होता.

मीटिंगच्या दिवशी मी मागचं इतिवृत्त वाचत होतो. वाचता वाचता दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं. फुलाबाई उभी होती. दोन कोस चालत आली होती, पायावर धूळ होती. ती आत आली नाही. वाचणं थांबेपर्यंत उभी राहिली.

"या महिन्याचा कागद नाई आला जी," ती म्हणाली.